फिनलंडची मातृत्व पेटी: एका सरकारी बाळंतविड्याचे परीक्षण

फिनलंडमध्ये ज्या घरी बाळ येणार असते, त्या घराला सरकारकडून कपड्यांनी भरलेली एक पुठ्ठ्याची पेटी मिळते. तिथे तिला ‘आइतियुस्पक्काउस’ म्हणतात. आपण मातृत्व पेटी म्हणू. ‘केला’ या नावाने ओळखली जाणारी देशाची सामाजिक विमा संस्था ती पाठवते. पेटी नको असेल तर तिच्याऐवजी १७० युरो रोख मिळतात आणि त्यावर कर लागत नाही. तरीही पहिलटकरणींपैकी बहुतेक सगळ्या जणी पेटीच मागतात. आम्हीही पेटीच मागितली होती, आणि आता बाळाचे पहिले वर्ष बऱ्याच अंशी तिच्यातल्या कपड्यांवर काढून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू म्हणून ती कशी आहे हे सांगेनच. परंतु ही पेटी केवळ वस्तू नाही. जेमतेम ५६ लाख लोकवस्तीच्या एका देशाने आपल्या मुलांविषयी घेतलेला राजकीय निर्णय तिच्यात घडी घालून ठेवलेला आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय तिची किंमत नीट करता येत नाही.

आधी आतल्या सामानाविषयी. अंगाला घट्ट बसणारे पण ताणले जाणारे सुती बॉडीसूट, पायमोजे जोडलेल्या विजारी, टोपडी, मोजे, लोकरी हातमोजे, बर्फात घालायचा जाड पोशाख, बाबागाडीत बाळाला गुंडाळून ठेवण्याची उबदार झोपपिशवी, डोक्यावर घेता येईल असा कोपरा शिवलेला टॉवेल, तोंड पुसायची मऊ फडकी, लाळेरे, नखे कापायची लहान कात्री, केसांचा ब्रश, आंघोळीच्या पाण्याचे तापमान पाहायचा तापमापक, जाड पुठ्ठ्याच्या पानांचे चित्रांचे पुस्तक, आणि तळाशी पेटीच्या मापाची गादी. आईसाठी दूध टिपून घेणाऱ्या चकत्या असतात. निरोधही असतात, आणि त्यांचा उल्लेख माहितीपत्रकात कोणताही आडपडदा न ठेवता केलेला असतो. आपल्याकडच्या एखाद्या सरकारी संचात हे घालायचे ठरले असते तर किती फायली फिरल्या असत्या, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. बाळंतपणानंतर आईच्या शरीराला विश्रांती हवी आणि पुढच्या गर्भधारणेचा निर्णय जोडप्याने विचाराने घ्यावा, ही गोष्ट बाळाच्या टोपड्याइतक्याच सहजपणे त्या पेटीत ठेवलेली आहे, आणि मला ते फार सभ्यपणाचे वाटले.

कपड्यांचा दर्जा उत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. पुन्हा पुन्हा धुऊनही शिवण उसवली नाही, दाबबटणे सैल झाली नाहीत. मापांची निवड तर विशेष विचारपूर्वक केलेली दिसते. नवजात बाळाला चार-सहा आठवड्यांत लहान होणारे कपडे थोडे आणि त्यानंतरच्या महिन्यांत लागणारे जास्त असे प्रमाण ठेवलेले आहे. नातेवाईक भेट देताना नेमके याच्या उलट करतात. हिवाळ्यातल्या पोशाखाची पारख मात्र भारतातून आलेल्या आईवडिलांना सुरुवातीला करता येत नाही, कारण इथली मुले दुपारची झोप बाबागाडीत, घराबाहेर, थंडीत घेतात, आणि उणे दहा अंशांपर्यंत बाळाला असे झोपवायला हरकत नाही, असे परिचारिका शांतपणे सांगतात. माझ्या आईला हे ऐकून काय वाटले असेल ते मराठी वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु ती झोपपिशवी, तिच्या आतला लोकरी थर आणि कानावर घट्ट बसणारे टोपडे यांनी बाळ उबदार राहते, आणि मोकळ्या हवेत खरोखर छान झोपते.

काही गोष्टी पेटीत नाहीत आणि त्या जाणूनबुजून वगळलेल्या आहेत. दुधाची बाटली २००६ मध्ये काढून टाकण्यात आली, कारण स्तनपानाला उत्तेजन द्यायचे होते. हेतू योग्य आहे. तथापि ज्या आईला दूध कमी येते किंवा जिला औषधांमुळे पाजता येत नाही, तिला ही अनुपस्थिती बोचू शकते, आणि अशा आयांसाठी वेगळी सोय मागवण्याची मुभा असती तर पेटी अधिक समंजस झाली असती, असे माझे मत आहे. रंगसंगती मुलगा-मुलगी असा भेद न करणारी असते, ही जमेची बाजू आहे. काही नक्ष्या मात्र मला फारच फिकट वाटल्या. पुठ्ठ्याच्या पेटीत बाळाला झोपवण्याबाबत जगभर कौतुकाने लिहिले जाते, पण बाळ लवकरच पाय ताणू लागते, त्यामुळे पेटी हा पहिल्या काही आठवड्यांपुरताच पर्याय आहे. पाळणा घ्यावाच लागतो. पेटी नंतर खेळणी ठेवायला जाते, आणि त्या कामात ती वर्षानुवर्षे टिकते.

ही पेटी आली कुठून? १९३० च्या दशकात फिनलंड हा गरीब, शेतीवर जगणारा देश होता आणि जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ६५ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९३७ मध्ये मातृत्व साहाय्याचा कायदा झाला आणि १९३८ पासून अल्प उत्पन्नाच्या मातांना रोख रक्कम, सामान किंवा दोन्ही मिळून मदत दिली जाऊ लागली. त्या वर्षी बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया या मदतीला पात्र ठरल्या, यावरून तेव्हाच्या दारिद्र्याची कल्पना येते. पेटीचाच बिछाना व्हावा ही योजना हौसेपोटी आलेली नव्हती. अनेक घरांत बाळाला निजवण्यासाठी स्वच्छ जागाच नसे. युद्धाच्या काळात कापडाची इतकी टंचाई झाली की १९४२ ते १९४६ या वर्षांत दुपटी आणि बाळंतिणीची चादर कागदाची द्यावी लागली, पण वाटप थांबवले गेले नाही. सुरुवातीला पेटीत कापड आणि शिवणाचे सामान असे आणि आईने घरी कपडे शिवावेत अशी अपेक्षा असे. १९५७ पासून सगळे कपडे तयार शिवलेले येऊ लागले. पुढे १९७० च्या दशकात स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या, तेव्हा धुवायला सोपे, ताणले जाणारे, रंगीत कपडे आले. पेटीतल्या कापडाच्या प्रकारावरूनसुद्धा त्या देशातल्या बायकांचे आयुष्य कसे बदलत गेले हे वाचता येते.

खरा निर्णायक बदल मात्र १९४९ चा. त्या वर्षी उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली आणि पेटी सर्व मातांसाठी खुली झाली. तिच्या जागी दुसरी एक अट पक्की झाली, ती म्हणजे गर्भारपणाचा चौथा महिना संपण्याच्या आत आरोग्य तपासणी करून घेणे. ही अट आजही कायम आहे. ही पेटी आहे त्या तपासणीसाठी. टोपडी आणि दुपटी हे तिकडे नेणारे निमित्त आहे. श्रीमंत असो वा गरीब, गावातली असो वा शहरातली, विवाहित असो वा अविवाहित, कोणतीही स्त्री पेटीच्या ओढीने का होईना, वेळेवर परिचारिकेसमोर येऊन बसते, आणि रक्तदाब, रक्तातील लोह, संसर्ग, मधुमेहाची शक्यता या गोष्टी उशीर होण्याआधी ध्यानात येतात.

ही तपासणी जिथे होते त्या केंद्राला ‘नेउवोला’ म्हणतात. आर्वो उल्प्यो या बालरोगतज्ज्ञाने १९२२ मध्ये हेलसिंकीत असे पहिले केंद्र सुरू केले, आणि १९४४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला व ग्रामपालिकेला ते चालवणे बंधनकारक झाले. सेवा विनामूल्य आहे. गर्भारपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत कुटुंबाचा या केंद्राशी संबंध राहतो, आणि शक्यतो तीच परिचारिका तुम्हांला भेटत राहते. ती फक्त वजन-उंची पाहत नाही. बाळ येण्याआधी एक तपासणी संपूर्ण कुटुंबाची होते, तिला वडिलांनीही यायचे असते, आणि तिथे झोप, मद्यपान, मनःस्थिती, नवरा-बायकोचे संबंध, घरात कोणी हात उगारते का, असे प्रश्न सरळ विचारले जातात. आपल्याकडे आईला किंवा सासूबाईंनाही न सांगितलेल्या गोष्टी सरकारी परिचारिकेला सांगायच्या, याचा संकोच मला पहिल्यांदा वाटला. पण ती स्त्री निवाडा करायला बसलेली नाही, मदत कुठून मिळेल ते सांगायला बसली आहे, हे कळल्यावर तो संकोच गळून पडला. परक्या देशात, माहेरची माणसे हजारो किलोमीटर दूर असताना, त्या खोलीतल्या अर्ध्या तासाचे मोल मी पेटीतल्या सगळ्या सामानापेक्षा अधिक मानते.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. ज्यांना परवडते त्यांना सरकारने कपडे कशाला द्यावेत? मराठी मित्रमंडळींत तर हा प्रश्न हमखास येतो, कारण सवलत ही गरजूंसाठीच असावी हा विचार आपल्या मनात खोल रुजलेला आहे. परंतु केवळ गरिबांना दिलेली वस्तू ही पाहता पाहता गरिबीची खूण बनते. ती घेताना मान खाली जाते, तिचा दर्जा घसरला तरी कोणी आवाज उठवत नाही, आणि पात्रता सिद्ध करण्यासाठी दाखले गोळा करण्यात ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच मागे पडतात. फिनलंडमध्ये डॉक्टरच्या आणि सफाई कामगाराच्या बाळाला एकच पोशाख येतो. पेटीतली नक्षी ठरावीक काळाने बदलत असल्याने बालोद्यानात एकाच हंगामातली मुले एकाच छापाच्या कपड्यांत दिसतात, आणि त्यांच्या आईबापांच्या पगाराचा अंदाज त्यांवरून बांधता येत नाही. पेटी सर्वांना मिळते म्हणूनच तिच्या दर्जाकडे सर्वांचे लक्ष असते. बटण निघाले तर मंत्र्याच्या घरातही निघेल. कर भरणारा मध्यमवर्ग अशा योजनांच्या पाठीशी उभा राहतो तो याच कारणाने, आणि नॉर्डिक कल्याणकारी राज्याचे राजकीय गणित या साध्या गोष्टीवर उभे आहे, असे मला वाटते.

पेटीच्या कीर्तीबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवे. फिनलंडमधला अर्भकमृत्युदर आज हजारी दोनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी याचे श्रेय पुठ्ठ्याच्या पेटीला देऊन टाकले आहे. हे खरे नाही. मृत्यू कमी झाले ते तपासण्यांमुळे, सुईणींच्या प्रशिक्षणामुळे, रुग्णालयांमुळे, लसींमुळे, स्वच्छ पाण्यामुळे आणि एकूण दारिद्र्य हटल्यामुळे. पेटीत झोपल्याने बाळाचा जीव वाचतो असा पुरावा नाही. २०१३ मध्ये ‘केला’ने ब्रिटनच्या राजपुत्र विल्यम आणि केट यांना पेटी भेट दिली, तेव्हापासून ही कल्पना फार लोकप्रिय झाली, आणि अनेक ठिकाणी खासगी कंपन्यांनी नुसत्या पेट्या विकायला सुरुवात केली. स्कॉटलंडने २०१७ पासून आपल्या सर्व नवजात बाळांसाठी पेटी सुरू केली, ती सर्वांना मिळते हे चांगले झाले. पण तपासणीची साखळी नसेल तर पेटी म्हणजे फक्त कपड्यांचा संच उरतो.

भारतात या दृष्टीने पाहण्यासारखे प्रयोग झाले आहेत. तेलंगणाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या संचाबरोबर टप्प्याटप्प्याने रोख रक्कम दिली जात असे आणि ती सरकारी रुग्णालयातील तपासण्यांशी व बाळंतपणाशी जोडलेली होती. फिनलंडच्या १९४९ च्या विचाराच्या हे बरेच जवळ जाते. महाराष्ट्रातही सरकारी आरोग्य केंद्रात होणाऱ्या पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किटची योजना आली. फरक असा की आपल्याकडे असे संच सरकारी रुग्णालयात येणाऱ्यांपुरतेच राहतात, म्हणजे ज्याला जमेल तो खासगी दवाखान्यात जातो आणि संचाच्या दर्जाविषयी बोलू शकणारा वर्ग त्यातून आपोआप बाहेर पडतो. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या रूपाने घरापर्यंत पोहोचणारी माणसे आपल्याकडे आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. त्यांच्या हाती चांगली, सर्वांना मिळणारी वस्तू दिली तर काय होऊ शकेल, हा विचार मला ही पेटी पाहताना वारंवार येत असे.

आता आजच्या फिनलंडविषयी, कारण पेटी तीच असली तरी तिच्याभोवतीचा देश बदलत आहे. बाळेच कमी झाली आहेत. २०१० मध्ये दर स्त्रीमागे सरासरी १.८७ असलेला जननदर २०२३ मध्ये १.२६ वर आला, आणि वर्षभरात जन्मणाऱ्या बाळांची संख्या ४३ हजारांच्या घरात उतरली. रजा, पाळणाघर, पेटी, सगळे असूनही तरुण जोडपी मूल होऊ द्यायला तयार नाहीत, हे तिथल्या धोरणकर्त्यांना पडलेले मोठे कोडे आहे. सान्ना मारिन यांच्या सरकारच्या काळात, ऑगस्ट २०२२ पासून, पालकत्वाच्या रजेची रचना बदलली. दोन्ही पालकांना प्रत्येकी १६० दिवसांचा भत्ता मिळतो आणि त्यांतले ६३ दिवस एकमेकांना देता येतात. वडिलांनी घरी राहावे यासाठी केलेला हा बदल मला पेटीइतकाच महत्त्वाचा वाटतो. तसेच एप्रिल २०१९ पासून नागरिकांनी मांडलेल्या प्रस्तावातून आलेल्या कायद्यानुसार दोन स्त्रियांच्या जोडप्यात दोघींनाही जन्मापासून आई म्हणून नोंदवता येते. पेटीच्या नावातले मातृत्व त्यामुळे अधिक व्यापक झाले आहे.

दुसरीकडे, २०२३ मध्ये पेत्तेरी ओर्पो यांचे चार पक्षांचे उजवे सरकार आले आणि सरकारी कर्ज रोखण्यासाठी त्याने सामाजिक भत्त्यांना कात्री लावली. बेरोजगार पालकांना मुलांमागे मिळणारी वाढीव रक्कम एप्रिल २०२४ पासून बंद झाली, घरभाड्याचा भत्ता कमी झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २४ वरून २५.५ टक्के झाला. पेटीला कोणी हात लावलेला नाही, आणि ते साहजिकही आहे, कारण ती राष्ट्राचे भूषण बनली आहे. परंतु बाळाला सुंदर पोशाख द्यायचा आणि त्याच्या नोकरी गमावलेल्या आईच्या भत्त्यातला त्या बाळाचा वाटा काढून घ्यायचा, या दोन गोष्टी एकाच राज्याने केलेल्या मला पटत नाहीत. ग्रामीण भागात अडचण निराळी आहे. वर्षाला किमान एक हजार बाळंतपणे होत नसतील तर प्रसूती विभाग चालवण्यास खास परवानगी लागते, आणि जन्म घटत गेल्याने विरळ वस्तीच्या उत्तर व पूर्व भागांतील गर्भवतींना बाळंतपणासाठी लांबचे अंतर कापावे लागते. पेटी टपालाने दारी येते, प्रसूतिगृह येत नाही.

भारतीय कुटुंबांना सर्वाधिक लागून असलेला मुद्दा वास्तव्याच्या परवान्याचा आहे. एस्पो शहरात आज जवळपास चौथा हिस्सा लोकांची मातृभाषा फिनिश, स्वीडिश किंवा सामी यांपैकी नाही, आणि तिथल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. नागरिकत्वासाठी लागणारा वास्तव्याचा काळ ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवरून आठ वर्षे झाला. जून २०२५ पासून नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या व्यक्तीची नोकरी गेली तर तिला साधारण तीन महिन्यांत, काहींना सहा महिन्यांत, दुसरी नोकरी शोधावी लागते. अन्यथा परवाना रद्द होऊ शकतो. गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात नवऱ्याची नोकरी गेलेले जोडपे डोळ्यांसमोर आणले म्हणजे या नियमाचा भार कळतो. पेटी सांगते की इथे जन्मणारे प्रत्येक बाळ सारखे आहे, आणि परवान्याचा कायदा त्याच बाळाच्या आईवडिलांना त्यांचे इथले दिवस मोजायला लावतो. लोकसंख्या टिकवण्यासाठी ज्या देशाला बाहेरून येणाऱ्या माणसांची उघड गरज आहे, त्याने हा विरोधाभास लवकर सोडवावा, असे मला मनापासून वाटते.

फिनलंडमध्ये बाळाची वाट पाहत असलेल्या मराठी जोडप्यांसाठी थोडे व्यवहाराचे. देशाच्या सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत तुम्ही येता की नाही हे आधी तपासून घ्यावे, कारण तात्पुरत्या मुक्कामावर असलेल्यांना पेटी मिळेलच असे नाही. गर्भधारणा कळताच नेउवोलात नाव नोंदवावे, चौथ्या महिन्याच्या आत तपासणी करावी आणि तिथून मिळणाऱ्या दाखल्याच्या आधारे ‘केला’कडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या किमान दोन महिने आधी अर्ज करावा. जुळे असेल तर साहाय्य दुप्पट नव्हे, तिप्पट मिळते, आणि त्यातले किती पेटीच्या व किती रोख रूपात घ्यायचे ते ठरवता येते. भारतातून आजी येणार असतील तर त्यांना मऊ जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि लंगोट तेवढे आणायला सांगावे. पेटीत त्यांना पर्याय नाही. लोकरी स्वेटरांची मात्र इथे गरज भासत नाही. पहिल्या बाळासाठी पेटीच घ्यावी, कारण १७० युरोंत तेवढे आणि त्या दर्जाचे सामान दुकानात मिळत नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी पहिल्याचे कपडे चांगले राहिले असतील आणि दोघांचा जन्म साधारण एकाच ऋतूतला असेल, तर रोख रक्कम घेऊन ती बाबागाडीसाठी किंवा गाडीतल्या बाळाच्या आसनासाठी वापरणे अधिक उपयोगाचे ठरते.